बत्तीच्या पोटातला वाख

दक्षिण कोकणात दशावताराचा खेळ रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गावात वीज नव्हती त्या काळी खेळाची पहिली तयारी म्हणजे बत्ती पेटवणं. हे काम पोराटोरांकडे जात नसे. एखादा जाणता माणूस देवळाच्या पडवीत बैठक मारून टाकीत रॉकेल ओतायचा, पुडीतून पांढरं, मऊ, बाळाच्या मोज्याएवढं मेंटल काढायचा आणि ते नळीखाली दोऱ्याने बांधायचा. मग स्पिरिटचा जाळ, मग पंप. मेंटल आधी काळवंडायचं, आकसायचं, आता गेलं असं वाटायचं, आणि तेवढ्यात सुं सुं आवाज धरून पांढरंशुभ्र फुलायचं. सभामंडप उजळायचा. संकासूर नाचायला मोकळा व्हायचा.

घाटावर हीच बत्ती वरातीत डोक्यावरून चालायची, तमाशाच्या कनातीत खांबाला टांगली जायची, कीर्तनात बुवांच्या बाजूला ठेवलेली असायची. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला निघालेली माणसं ती हातात घेऊन वहाळाच्या काठाकाठाने जायची. पेटलेल्या मेंटलला बोट लावायचं नाही, हा सगळीकडचा नियम. बोट लागलं की त्याची राख होते, असं म्हणत. खरं तर राख आधीच झालेली असे. बांधलेलं कापड पहिल्याच पेटवण्यात जळून जाई. मागे उरे तो धाग्याच्या विणीचा आकार जसाच्या तसा धरून राहिलेला खनिजांचा नाजूक सांगाडा, आणि रात्रभर उजेड द्यायचा तो त्या सांगाड्याने.

जळून गेलेला तो धागा कसला, हा प्रश्न कोणाला पडायचं कारण नव्हतं. पण त्या धाग्याची हकिगत लांबची आहे. सगळीच मेंटलं एका धाग्याची नसत. सुरुवातीची सुताची होती, पुढे कृत्रिम रेशमाची आली. मधल्या काळात चांगल्या मेंटलांसाठी ज्या धाग्याला मान होता, तो एका झुडपाच्या सालीतून निघे. त्याचं नाव रॅमी.

वनस्पतिशास्त्रात जवळच्या वनस्पतींच्या गटाला मराठीत कूळ म्हणतात. रॅमीचं कूळ अर्टिकेसी, म्हणजे अंगाला लागल्यावर आग करणाऱ्या पानांचं. 'अर्टिका' हे लॅटिन नाव जाळणे या अर्थाच्या 'उरेरे' या क्रियापदापासून आलं असं मानतात. त्या क्रियापदाचं संस्कृतातलं भावंड म्हणजे 'उष्' हा धातू. ज्याच्यातून 'उष्ण' शब्द झाला, तोच. या कुळातली काही मंडळी सह्याद्रीतही आहेत. पावसाळ्यात घाटवाटेने जाताना काटेरी केसांच्या रुंद पानांना पोटरी घासली की कातडीची जी लाही होते, ती बहुधा या कुळातल्या जिरार्डिनियाची करामत असते. तिच्या पानाखोडावरचे केस काचेसारखे ठिसूळ असतात. टोक मोडतं आणि आतला दाहक रस कातडीत उतरतो. पुष्कळदा हा आळ खाजकुयलीवर जातो. पण खाजकुयली शेंगा धरणारी वेल, तिचं कूळ वालपावट्याचं. नेपाळच्या डोंगरात याच जिरार्डिनियाला अल्लो म्हणतात. तिथल्या बायका तिची साल काढून, राखेच्या पाण्यात उकळून धागा काढतात आणि त्याचं जाडंभरडं, टिकाऊ कापड विणतात.

रॅमी मात्र या तापट घरातली शांत मुलगी. तिच्या अंगावर डंख नाही. माणसाच्या छातीइतकी, कधी डोक्याच्या वर वाढणारी, एका गड्ड्यातून पुष्कळ सरळ काठ्या वर येणारी ही बहुवर्षायू वनस्पती. पान हृदयाच्या आकाराचं, कडेला दातेरी, वरून हिरवं आणि खालून पांढऱ्या लवेने मढलेलं. वाऱ्यात पानं उलटली की सगळं रान एकदम पांढरं दिसतं. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'अर्टिका निव्हिया' म्हटलं. निव्हिया म्हणजे हिमासारखी. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गोदिशो याने तिला बोमेरिया या प्रजातीत नेलं आणि आज ती बोमेरिया निव्हिया या नावाने ओळखली जाते. प्रजातीचं नाव बोमर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ आहे. रॅमी हा शब्द मलय भाषेतला. व्यापारात तिला आणखी एक नाव मिळालं, चायना ग्रास. मराठी वाचकाने इथे जरा थांबायला हवं. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास मागितलं की पुडिंग घट्ट करायच्या पांढऱ्या पट्ट्या मिळतात. ते अगर, समुद्रशैवालापासून केलेलं. त्याचा या झुडपाशी काडीचा संबंध नाही. शिवाय रॅमी गवतही नाही.

तिचा वाख सालीत असतो. अंबाडी आणि ताग जवळून पाहिलेल्या माणसाला वाटेल, यात काय अवघड? काठ्या कापाव्यात, पाण्यात कुजत घालाव्यात, साल सुटली की धुऊन वाख काढावा. अंबाडीचं काम असं होतं, कारण तिच्या धाग्यांना जोडणारा चिकट भाग पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात. रॅमीचा डिंक एवढ्याने हटत नाही. तो सालीच्या पावपट वजनाचा, कधी त्याहून जास्त. पाण्यात ठेवून वाट पाहिली तर डिंक सुटायच्या आत धागाच खराब व्हायला लागतो. म्हणून काठी ताजी असतानाच साल ओरबाडून काढायची, वरची हिरवी-तपकिरी पापुद्र्यासारखी त्वचा पात्याने खरवडायची, आणि उरलेल्या फितीतून डिंक वेगळा करायचा. तोही हाताने चिरून चिरून, नाहीतर क्षारात उकळून. एक पीक वर्षातून तीन वेळा कापता येतं, उष्ण आणि ओलसर मुलखात पाच-सहा वेळाही. म्हणजे हे सगळं वर्षभर पुन्हा पुन्हा.

इतके कष्ट का घ्यायचे, याचं उत्तर तो धागा हातात आल्यावर मिळतं. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटीमीटरांचा. रॅमीचा एक तंतू साधारण बारा-पंधरा सेंटीमीटर, काही तर त्याच्या कितीतरी पट. रेशमासारखी चकाकी, आणि वनस्पतीच्या धाग्यांत ज्याची ताकद पहिल्या रांगेत मोजली जाते असा चिवटपणा. ओला झाला की तो आणखी मजबूत होतो. खोडही आहे. त्याला ताण देता येतो, पण लवचीकपणा कमी. एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडलं की कापड त्या रेषेवर तुटतं, आणि सुरकुत्या तर बसल्या की बसल्या.

चीनमध्ये हे सगळं फार आधीच कळलेलं होतं. झेजियांग प्रांतात छियानशानयांग नावाच्या पुरातन वस्तीच्या उत्खननात रॅमीच्या कापडाचे तुकडे मिळाले. ते चार हजार वर्षांहून जुने आहेत. 'शिजिंग' या प्राचीन चिनी काव्यसंग्रहात पूर्व वेशीजवळच्या तळ्यात रॅमी भिजत घालण्याचा उल्लेख येतो. म्हणजे काव्य लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते रोजचंच दृश्य होतं. १९७२ मध्ये चांगशाजवळ मावांगद्वी इथे हान काळातल्या एका सरदारपत्नीचं थडगं उघडलं गेलं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं. त्यातल्या रेशमाची चर्चा जगभर झाली, पण त्याच ढिगात रॅमीचं तलम कापडही होतं. कापूस चीनमध्ये सर्वत्र पसरेपर्यंत साध्या माणसाचा उन्हाळी पोशाख रॅमीचा आणि भांगेच्या धाग्याचाच असे. या कापडाला तिथे नावच 'शियाबू' आहे. शियाबू म्हणजे उन्हाळ्याचं कापड.

वांग झेन या चिनी अधिकाऱ्याने १३१३ मध्ये शेतीवर एक मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्यात बत्तीस चात्यांचं एक मोठं सूतयंत्र वर्णन केलेलं आहे. ते रॅमी आणि भांगेच्या धाग्याला पीळ देण्यासाठी होतं, आणि वाहत्या पाण्याच्या जोरावरही फिरवलं जाई. इंग्लंडमध्ये आर्कराइटचं पाण्यावर चालणारं सूतयंत्र आलं ते १७६९ मध्ये. यंत्रयुगाची गोष्ट नेहमी मँचेस्टरपासून सुरू होते, पण त्यात वांग झेनचं पान आधी लावलं पाहिजे. मात्र ते यंत्र पीळ देण्याचं काम करी. काठीवरून साल काढणं, ती खरवडणं, चिरणं हे त्याच्याही काळी माणसाच्या बोटांवर होतं.

कोरियात ही बोटं अजून कामात आहेत. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ हानसान नावाचा भाग आहे. तिथली समुद्राची दमट हवा या धाग्याला मानवते. रॅमीला आणि तिच्या कापडाला कोरियन लोक मोसी म्हणतात. हानसानच्या बायका सालीची भिजवलेली फीत दातांत धरतात आणि ओठ-दातांनी चिरत चिरत केसासारख्या तारा काढतात. मग एका तारेचं टोक दुसरीवर ठेवून, थुंकीचा ओलावा देऊन, उघड्या गुडघ्यावर तळहाताने वळतात. गाठ मारायची नाही, नुसतं वळायचं. वातीसाठी कापूस मांडीवर वळणाऱ्या आपल्याकडच्या आजीबाईंना ही हातचलाखी लगेच ओळखू येईल. विणायला बसायचं ते अर्धवट जमिनीखाली असलेल्या झोपडीत, दारं-खिडक्या लावून, भर उन्हाळ्यात. कारण हवा कोरडी झाली की ताणा तटातट तुटतो. वारा आत येऊ द्यायचा नाही, म्हणून घामाने निथळत विणायचं, आणि त्यातून निघतं ते अंगाला वारा लागू देणारं कापड. आई मुलीला, सासू सुनेला शिकवत ही कला चालत आली. २०११ मध्ये युनेस्कोने तिची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. पान फुकट जात नाही. कोरियात ते तांदळाच्या पिठात कुटून हिरवे मोदकासारखे पदार्थ करतात, आणि व्हिएतनाममध्ये त्याच पानाच्या लगद्याने काळेभोर होणारे गोड 'बान्ह गाय' केळीच्या पानात बांधून उकडतात.

भारतात ही वनस्पती नवी नव्हती. फक्त ज्यांच्याकडे ती होती, त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मासेमारी करणारी कुटुंबं झोपडीच्या कडेला, खत-पाणी मिळेल अशा जागी तिचे चार गड्डे लावत. असमियात तिचं नाव रिहा. उत्तर बंगालात दिनाजपूर-रंगपूरच्या बाजूला तिला कांखुरा म्हणत. दोन्हीकडे उपयोग एकच, जाळ्याचं सूत. जो धागा पाण्यात राहून जास्त चिवट होतो, तो जाळ्यासाठीच हवा, हे शहाणपण त्या कोळ्यांचं होतं. ते सूत ते स्वतःपुरतं काढत. बाजारात विकायला येत नसे, म्हणून हिशेबाच्या वह्यांत त्याचं नावही येत नसे.

१८०३ मध्ये सुमात्रातल्या बेनकूलनहून 'कालोई' नावाच्या एका झुडपाची रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचली. उद्यानाचा प्रमुख होता विल्यम रॉक्सबर्ग. दोरखंड आणि कापड यांसाठी नवनवे धागे शोधणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. कालोईचा धागा त्याने ताणून, लोंबकळत्या वजनांनी तोडून पाहिला आणि तो थक्क झाला. त्याने तिला नाव दिलं 'अर्टिका टेनासिसिमा', अत्यंत चिवट. समुद्रापलीकडून आणलेली ही नवलाई आणि उत्तर बंगालातल्या कोळ्यांचा कांखुरा एकच आहे, हे लवकरच उमगलं. आसामची रिहाही तीच हे कळायला आणखी वेळ गेला. इंग्रजी कागदपत्रांत ती 'रीआ' या नावाने शिरली आणि 'रीआ फायबर' हा शब्द इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसला.

इंग्रजांना तिची निकड भासली ती युद्धामुळे. जहाजांचे दोर आणि शिडं रशियातून येणाऱ्या भांग व जवसाच्या धाग्यावर अवलंबून होती, आणि १८५४ मध्ये क्रिमियात रशियाशीच लढाई जुंपली. पुढच्याच वर्षी जॉन फोर्ब्स रॉइल याने भारतातल्या धागा देणाऱ्या वनस्पतींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रीआला मानाचं पान होतं. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध. लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा ओसंडला. कापसाला पर्याय हवा, हे त्या चार वर्षांनी सगळ्यांच्या मनात पक्कं केलं.

१८७० मध्ये भारत सरकारने बक्षीस जाहीर केलं. रीआच्या ताज्या काठीतून वाख काढणारं यंत्र जो करील त्याला पाच हजार पौंड. अट अशी की वाख स्वच्छ हवा आणि खर्च टनाला पंधरा पौंडांच्या वर जाता कामा नये. चाचणी ठेवली सहारनपूरला, सरकारी उद्यानात. १८७२ मध्ये प्रत्यक्षात एकच यंत्र आलं, एडिंबरोच्या ग्रेग यांचं. ते चाललं, पण खर्च अटीत बसेना. सरकारने प्रयत्नाची कदर म्हणून पंधराशे पौंड दिले. १८७९ मध्ये पुन्हा चाचणी. या वेळी स्पर्धक अधिक होते, यश तेवढंच. किरकोळ उत्तेजनार्थ रकमा वाटल्या गेल्या आणि थोड्याच काळात बक्षीस मागे घेतलं गेलं. पॅरिसमध्येही १८८८ आणि १८८९ मध्ये अशाच चाचण्या झाल्या.

या फसलेल्या खटपटीचं वर्णन वाचताना एक गोष्ट जाणवते. सगळा भर साल सोलण्यावर होता, आणि खरी गाठ डिंकात होती. डिंक हा रसायनशास्त्राचा प्रश्न. एदमों फ्रेमी या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो बरोबर हेरला आणि १८८६ मध्ये रॅमीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. कॉस्टिक सोड्यात उकळून डिंक काढण्याच्या पद्धती त्या सुमारास आकाराला आल्या, आणि आजही कारखान्यांत मुळात तेच करतात. आसामच्या कोळ्याला यांपैकी काहीच लागत नव्हतं. त्याला जाळ्यापुरता वाख हवा होता, आणि तेवढा डिंक काढायला हात पुरत होते. टनाने हवा म्हटलं की हात कमी पडत, एवढाच दोघांतला फरक. पण त्या फरकावरच युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी रॅमी कंपन्या उभ्या राहून बुडाल्या.

एवढं सगळं होत असताना व्हिएन्नात एक माणूस या झुडपाचा विचारही न करता त्याची नवी नोकरी तयार करत होता.

कार्ल आउअर हा बुन्सेनचा विद्यार्थी. दुर्मीळ मृदा धातूंचं पृथक्करण हा त्याचा विषय. या धातूंच्या क्षारांचं द्रावण त्याने कापसाच्या धाग्यात मुरवलं आणि ते बर्नरच्या ज्योतीत धरलं. धागा जळाला, पण मागे राहिलेली राख लखलखीत उजळली. १८८५ मध्ये त्याने गॅस मेंटलचं पेटंट घेतलं. पहिली मेंटलं हिरवट उजेड देत आणि पटकन तुटत. १८९१ मध्ये त्याला नेमकं प्रमाण सापडलं. नव्व्याण्णव टक्के थोरियम ऑक्साइड, एक टक्का सेरियम ऑक्साइड. त्या एक टक्क्यावरच उजेड अवलंबून. कमी झाला तर मंद, जास्त झाला तर पिवळट. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्येच लागले होते, पण ती नुसती उघडी ज्योत होती. मेंटल आल्यावर तेवढ्याच गॅसमध्ये कितीतरी पट उजेड मिळू लागला आणि विजेच्या दिव्यासमोर गॅसबत्तीने आणखी काही दशकं तग धरला.

अडचण होती कापसाची. त्याचे आखूड तंतू जळाले की मागची राखही आखूड तुकड्यांची, म्हणून मेंटल आकसे आणि धक्क्याने ढासळे. रॅमीचे तंतू लांब, गुळगुळीत, द्रावण नीट पिणारे. त्यांची राख लांब आणि सलग राही. ज्या धाग्यासाठी पाच हजार पौंड लावूनही गिरण्या चालल्या नव्हत्या, त्याला अखेर एका बोटभर मोज्यात जागा मिळाली. तिथे टनांची गरज नव्हती, किमतीची फारशी पर्वा नव्हती, आणि सुरकुत्यांचा, घडीवर तुटण्याचा प्रश्नच नव्हता. बर्लिनच्या एरिक आणि ग्रेट्झ कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉकेलची वाफ दाबाने जाळणारी बत्ती काढली. मॅक्स ग्रेट्झच्या नावावरून ती पेट्रोमॅक्स. मेंटल आता गॅसच्या नळापासून मोकळं झालं आणि नळ कधीच पोहोचणार नाहीत अशा गावांत गेलं. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरांत होता, पण तो वातीचा. माजघर, गोठा, परसदार एवढी त्याची हद्द. मांडवभर माणसं बसवायची तर बत्तीच लागे.

मेंटलच्या थोरियमची गोष्टही एका वाखापाशीच जाऊन पोहोचते. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूचे जड, पिवळसर कण दिसले. ते मोनाझाइट निघाले. त्यातून थोरियम काढता येत होतं. नारळाच्या सोडणाचा काथ्या समुद्रकाठच्या वाळूत पिंजला-वाळवला जाई, आणि त्या वाळूतूनच जगातल्या मेंटलांना लागणारं द्रव्य त्रावणकोरच्या किनाऱ्यावर असल्याचा सुगावा लागला. स्वातंत्र्यानंतर मोनाझाइटवर सरकारचं नियंत्रण आलं. केरळात आळुव्याला कारखाना निघाला आणि १९५५ मध्ये तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा प्रकल्प सुरू झाला. तिथे तयार होणारं थोरियम नायट्रेट मेंटल करणाऱ्या कारखान्यांना जाई. अणुशक्तीशी ज्या ट्रॉम्बेचं नाव जोडलेलं आहे, तिथल्या पदार्थाने वरातीतल्या बत्त्या उजळत होत्या. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं, म्हणून पुढे अनेक देशांत मेंटलसाठी यिट्रियम वापरू लागले.

मग गावोगाव वीज आली, नायलॉन आलं. बत्तीही गेली आणि ब्रह्मपुत्रेवरच्या कोळ्याचं रिहाचं सूतही. रॅमीचं नाव पुन्हा मोठ्या बाजारात ऐकू आलं ते एका वेगळ्याच कारणाने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीमंत देशांनी कापूस, लोकर आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांच्या आयातीवर कोटा बसवला होता. रॅमीचं नाव त्या यादीत नव्हतं. चीन आणि हाँगकाँगच्या कारखानदारांनी ते ताडलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत रॅमी आणि कापसाच्या मिश्रणाचे स्वेटर ढिगाने उतरू लागले. लोकांनी लेबलावर हा शब्द पहिल्यांदाच वाचला. १९८६ मध्ये या कोट्याच्या करारात रॅमीही आली, फट बुजली, आणि लाट ओसरली. ब्राझीलच्या पाराना राज्यात जपानी स्थलांतरितांनी रॅमीची लागवड वाढवली होती. तीही हळूहळू आटली. आज जगातली बहुतेक रॅमी चीनच्या हुनान, हुबेई, सिचुआन अशा प्रांतांत पिकते. भारतात तिच्यावर अभ्यास चालतो तो आसामातल्या सोरभोग इथल्या संशोधन केंद्रात, म्हणजे जिथे कोळ्यांच्या अंगणात ती आधीपासूनच होती त्याच मुलखात. सोरभोगची जागा बरोबर निवडली गेली आहे. तिथल्या जुन्या माणसांना सूत कसं काढत हे अजून आठवत असेल तर ते लिहून ठेवण्याचं काम मात्र यंत्राच्या संशोधनाइतकंच तातडीचं मानलं पाहिजे.

जपानात ते काम आधी झालं. एचिगो म्हणजे आजचा निईगाता प्रांत. हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ पडणारा. तिथल्या सुझुकी बोकुशी नावाच्या व्यापाऱ्याने बर्फातल्या जगण्याविषयी लिहिलेलं पुस्तक १८३७ मध्ये छापायला सुरुवात झाली. त्यात रॅमीच्या 'चिजिमी' या आटीव कापडाची सगळी कृती आहे. कोण कातायचं, कोण विणायचं, पोरीसोरींना किती वर्षं शिकावं लागायचं, सगळं. शंभर वर्षांनी यासुनारी कावाबाताने आपल्या 'युकिगुनी' कादंबरीत त्याच कापडाला जागा दिली. तिथला धागा बर्फाळ महिन्यांतच हाताळतात. बर्फाने हवा ओली राहते आणि तार तुटत नाही. नखाने चिरून काढलेली तार कमरेला बांधलेल्या मागावर विणायची, मग कापड कोमट पाण्यात पायांनी तुडवून धुवायचं.

शेवटचं काम उन्हाचं. फेब्रुवारी सरत आला की मीनामीउओनुमाच्या शेतांवरचा बर्फ कडक असतो आणि वर ऊन स्वच्छ पडतं. ओली कापडं त्या बर्फावर सरळ, लांबच लांब अंथरतात. वरून ऊन, खालून वितळणाऱ्या बर्फाची वाफ. दहा ते वीस दिवसांत कापडाचा मातकट रंग जातो. जुनी कापडंही वर्षानुवर्षं वापरून पिवळी पडली की मालक ती पुन्हा तिथे पाठवतात, आणि विणकर त्यांना सांगतात की कापड माहेरी आलं आहे. मार्चच्या मध्यापर्यंत या पट्ट्या शेतावर पडून असतात. दुरून पाहणाऱ्याला कापड कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळत नाही.